किनाऱ्यालगत नोनी लावताय? आधी मुळं बघा

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणपट्टीत नोनी, म्हणजे बारतोंडी, लावायला हरकत नाही. खारे वारे, रेताड पुळण, मचूळ पाणी हे सगळं ती सोसते. साचलेलं पाणी मात्र तिला नको. खाचरात लावू नका. नारळीच्या बागेची कड किंवा कुंपणालगतचा उंचवटा बरा. दोन झाडांत दहा ते पंधरा फूट अंतर ठेवा, खड्ड्यात कुजलेलं शेणखत घाला आणि बुंध्यापासून थोडं लांब पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

रोप नऊ महिने ते वर्षभराचं घ्या आणि पैसे देण्याआधी एका रोपाची पिशवी काढून मुळं पाहा. मुळांवर बारीक-मोठ्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, प्रादुर्भाव आहे. असलं रोप फुकट मिळालं तरी बागेत आणू नका, कारण सूत्रकृमी एकदा जमिनीत शिरले की त्यांना हटवणं फार अवघड. वांगी, टोमॅटो, भेंडी घेतलेल्या वाफ्यातली मातीही पिशव्या भरायला वापरू नका. नोनीचं सर्वात मोठं नुकसान मुळांतूनच होतं आणि ते पानं पिवळी पडेपर्यंत कळत नाही.

रोपं घरीच करायची तर पूर्ण पिकून मऊ पडलेलं फळ चाळणीवर चोळून धुवा. हाती येणारं तपकिरी बी कडक असतं. त्याच्या आत हवेची पोकळी असते, त्यामुळे ते समुद्रावर तरंगत दूर जातं. तसंच पेरलं तर उगवायला सहा महिने ते वर्ष घेतं. नखं कापायच्या कात्रीने बियाचं निमुळतं टोक जरासं उडवलं की उगवण बरीच लवकर होते. यंदा पेरलेलं पुढच्या मृगाला लावायचं, असा हिशेब धरा. वीतभर ते हातभर लांबीच्या फांद्यांची छाटकलमंही एक-दोन महिन्यांत मुळं धरतात, पण बियांपासूनचं झाड अधिक दणकट होतं असा अनुभव आहे. वाळूच्या टेकडीवरची रानटी झुडपं उपटू नका. तिथली माती तीच धरून असतात. बियांसाठी चार फळं आणली की पुरे.

युरियाचा मारा टाळा. कोवळी पालवी फोफावली की मावा आलाच.

फळ बाजारात द्यायचं तर हिरवेपणा जाऊन पांढरट-पिवळं झालं, पण अजून टणक आहे, तेव्हा काढा. त्यानंतर ते झपाट्याने मऊ पडतं आणि उग्र वास सुटतो.

विकत घेणारा नक्की नसताना, केवळ 'हमीने परत खरेदी करू' या शब्दावर एकरभर लागवड करू नका. कडेला चार-सहा झाडं पुरेत. घरी खाणार असाल तर लक्षात ठेवा: या फळात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस घेऊ नये.