लायब्ररी-आयटीचा पाच वर्षांचा प्लॅन करताय? लोकांना विचारताना या चुका टाळा

विद्यापीठात "पुढच्या ५ वर्षांत लायब्ररी आणि आयटी कसं असावं" यावर सगळ्यांची मतं घ्यायची ठरली की आधी काय होतं, तर गूगल फॉर्म. मी ज्या कमिटीत होतो तिथेही तेच, ४२ प्रश्न, ई-रिसोर्सेसबद्दल समाधानी आहात का १ ते ५, आणि पाठवला कधी तर ऐन परीक्षेत. ज्यांनी भरला ते सगळीकडे ४ टाकून मोकळे झाले, रिपोर्टात आलं की सगळं छान चाललंय. त्याच आठवड्यात रात्री नऊला लायब्ररीमागच्या कट्ट्यावर एक पीएचडीची मुलगी लॅपटॉप घेऊन डास मारत बसलेली दिसली, विचारलं तर म्हणाली, "सर, रूमवर रिसर्च पेपर उघडत नाही, कॅम्पसचं वायफाय इथपर्यंतच येतं." कॅम्पसबाहेरून लॉगिन करून ई-रिसोर्सेस उघडायची सोय इनफेडमधून (इन्फ्लिबनेटची लॉगिन सेवा) होती की! तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून "तुम्हाला काय हवंय" हे विचारूच नका, लोक एआय आणि स्मार्ट क्लासरूम सांगतात, कारण तेच ऐकलेलं असतं. विचारा, मागच्या वेळी पेपर मिळाला नाही तेव्हा काय केलंत? मग खरं बाहेर येतं, कोणी आयआयटीतल्या मित्राकडून मागवला, कोणी विषयच बदलला.

दुसरी चूक म्हणजे "आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, जर्नल्सचा प्रश्न मिटला" असं धरून चालणं. यात केंद्र सरकार देशभरातल्या संस्थांसाठी एकत्रच जर्नल्सचं सबस्क्रिप्शन घेतं, २०२५ पासून ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, योजना मोठीच आहे. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी, म्हणजे तुमच्याशी संलग्न खाजगी कॉलेजातला पोरगा बाहेरच, आणि त्याला फॉर्मही गेलेला नसतो. शिवाय ती जर्नल्सची योजना, पुस्तकांचं काय?

मराठी आणि इतिहासवाल्यांना तर सगळ्यात शेवटी विचारतात, खरंतर तिथेच सगळ्यात जास्त सापडतं. एका सरांनी समोर करून दाखवलं, विभागातला जुना प्रबंध, श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला, पीडीएफमध्ये "तुकाराम" शोधलं तर शून्य रिझल्ट, कॉपी-पेस्ट केलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या कोडचा, नाही ना. प्रबंध शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांचा देशभराचा ऑनलाइन साठा) चढवला म्हणजे काम झालं असं आपण समजतो, पण आतलं काही शोधताच येत नसेल तर काय उपयोग. असे जुने प्रबंध युनिकोडमध्ये आणायचे का, हा स्ट्रॅटेजीचाच प्रश्न आहे, पण सर्व्हर आणि लायसन्सच्या चर्चेत तो येतच नाही.

बाकी नेहमीच्या अडचणी. मीटिंगमध्ये मुलं गप्प बसतात? डीन आणि गाईड लोकांना बाहेर चहाला पाठवा. सगळे फक्त चार्जिंग पॉइंटच मागतायत? वैतागू नका, मुलं दिवसभर तिथेच बसतात असा त्याचा अर्थ. प्रतिसाद कमी? फॉर्म ५ प्रश्नांवर आणा आणि रीडिंग रूममध्ये जाऊन तोंडी विचारा. काउंटरवरच्या अटेंडंटला तर नक्की विचारा, कोणतं पुस्तक रोज "नाही" म्हणून परत पाठवावं लागतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आणि टेंडर निघाल्यावर मतं मागवू नका राव, पोरांना कळतं.