कर्दे ते मुरूड पायी जाताय? या वऱ्हाडी चुका टाळा

दिवाळीत सोयाबीन विकलं, तूर अजून शेतात उभी आहे, की आमच्या दारव्ह्याकडून एखादी गाडी दापोलीच्या दिशेनं निघतेच. कर्द्याहून पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, चालत मुरूड गाठायचं, महर्षी कर्व्यांचं गाव पाहायचं, मासे खायचे. बेत चांगला आहे. चुका मात्र दरवर्षी त्याच, आणि निस्तरायला फोन मला.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे भरतीची वेळ न पाहता निघणं. समुद्र म्हणजे मोठं धरण, सकाळी पाणी जिथं दिसलं तिथंच दुपारी असणार, असा आपल्या लोकांचा समज. एकादशी, चतुर्थी आपल्याला तोंडपाठ असते, तीच इथं कामी येते. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यापुढं साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी वर जास्त चढतं आणि उतरतंही जास्त. मी ओहोटीच्या दोन तास आधी निघतो, म्हणजे पाणी मागं सरकत असताना चाल पुरी होते. वर चहाच्या टपरीवर एखाद्या कोळीदादाला विचारतोच. मोबाइलवर वेळ बघणाऱ्यांनी ती दापोलीजवळच्या हर्णै बंदराची आहे की मुंबईची, तेवढं तरी पाहावं.

हे सांगितलं की लोक हसतात. असंच हसत आमच्याकडची एक मंडळी पौर्णिमेला हरिहरेश्वरला गेली. दर्शन झालं तेव्हा साडेअकरा वाजले होते, म्हणजे ऐन भरती. देवळामागच्या पायऱ्या उतरून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते, ती ओहोटीतच चालायची. तसा फलक होता, नारळवाल्या मावशी ओरडत होत्या. मी म्हटलं, "संध्याकाळी पाचला येऊ, कोरडी मिळते." तर आमच्यातले एक जावईबापू म्हणाले, "काही होत नाही भाऊ, दोन लाटांच्या मधात पयतो." आणि पळाले. पहिली लाट घोट्यापर्यंत, दुसरी गुडघ्यापर्यंत, तिसरीनं सरळ आडवं केलं. तिथल्याच एका पोरानं शर्टाची कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांनी दोन्ही गुडघे सोलले, फोन समुद्रात. मावशी चिडून म्हणाल्या, "देव काय पळून जातोय का?" पाच वाजता आम्ही बाकीचे त्याच खडकांवरून आरामात फिरून आलो. जावईबापू गाडीत पाय पसरून बसले होते.

दुसरी चूक उन्हाची घमेंड. "आम्ही सेहेचाळीस डिग्रीत राहतो, तुमचे बत्तीस काय?" आपल्याकडं हवा कोरडी, घाम आला की उडतो आणि अंग गार पडतं. तिथं दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. डोक्याला दुपट्टा बांधून पाण्याविना निघालेले पैलवान मी अर्ध्या वाटेवर वाळूत बसलेले पाहिले आहेत. माझ्या पिशवीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असतं, आणि सकाळी दहानंतर मी चाल सुरू करत नाही. त्या दिवशी ओहोटी भर दुपारी असेल तर चाल रद्द.

खाडी दिसली की पैनगंगेसारखे पायजमे वर करून उतरू नका. खाली गाळ असतो, आणि भरतीचं पाणी उलट्या दिशेनं ओढत येतं. पूल किंवा होडी शोधा, वळसा पडला तर पडू द्या. रील पाहून शॉर्टकट मारणाऱ्यांना माझ्या गाडीत जागा नाही.

कोरड्या भुसभुशीत वाळूत चालू नका, पोटऱ्या भरून येतात. पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून चाला.

नवे बूट नकोत. मागं पट्टा असलेली जुनी सँडल घ्या.

पुळणीवर गाडी घालू नका. रुतते, मग ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं.

आणि मुरूड दोन आहेत! जंजिऱ्याजवळचं रायगड जिल्ह्यात. आपलं रत्नागिरी जिल्ह्यात, खेड स्टेशनला उतरून दापोलीमार्गे जायचं. आमच्या एका काकांनी खोली जंजिऱ्याकडच्या मुरूडला घेतली आणि कुटुंबासकट दापोलीत उतरले. आगाऊ भरलेले पैसे काही परत मिळाले नाहीत.