जुना उघडणारा रेल्वे पूल: रंगाआधीची दुरुस्ती आणि रंगकाम

पुण्यात जहाजांना वाट देण्यासाठी उघडणारा रेल्वे पूल नाही. पण १९१४ साली सुरू झालेल्या तमिळनाडूतल्या पांबनच्या शेर्झर स्पॅनसारखं (मागे लोळत वर उघडणारा गाळा) काम असो, नाहीतर आपल्याकडचा साधा रिव्हेटवाला गर्डर (लोखंडी तुळई) असो, रंग उखडतो त्या जागा त्याच: दोन प्लेटांमधली फट, रिव्हेटच्या डोक्याभोवतीची गोल रेघ आणि अँगलच्या कडा. वेळ आणि पैसा तिथे घाला. गर्डरची उभी सपाट वेब प्लेट कुणीही रंगवतो.

आधी तपासणी

जुन्या पुलावर बहुतेक वेळा शेंदरी शिशाचा प्रायमर असतो, त्यामुळे खरवडण्याआधी शिशाची चाचणी करा. शिसं निघालं तर गॅसने रंग जाळू नका आणि कोरडं ग्राइंडिंगही करू नका. खाली ताडपत्री बांधा, ओलं स्क्रॅपिंग करा, कामगारांना धूळरोधक मास्क द्या. त्या मास्कचं काम रुमालाने भागत नाही. गोळा झालेला कचरा रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायचा; नदीत किंवा भंगारात तो जाता कामा नये.

रिव्हेट तपासताना हलक्या हातोडीने डोक्याच्या एका बाजूला ठोका आणि समोरच्या बाजूला बोट टेकवून ठेवा. बोटाला थरथर जाणवली तर रिव्हेट सैल आहे. डोक्याखालून तांबूस ओघळ उतरला असेल तर रिव्हेट हलतोय असं धरूनच चाला. सैल रिव्हेट गॅसने कापला तर भोवतालची प्लेट तापून कमजोर होते, म्हणून तो ड्रिल करून काढा, भोक रीमरने (भोक गुळगुळीत करायचं हत्यार) साफ करा आणि हाय स्ट्रेंग्थ बोल्ट बसवा. एका सांध्यात एका वेळी एकच रिव्हेट काढायचा. बोल्ट बसून ताण मिळाला की मगच पुढचा. आणि वेल्डिंगचा मोह आवरा: जुन्या लोखंडात फॉस्फरस जास्त असू शकतो आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. रासायनिक तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत पॅचसुद्धा बोल्टनेच लावा.

गंज खरवडल्यावर अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला आकडे द्या. रंग चढल्यावर कुणी मोजत नाही. शौचालयाचं पाणी थेट खाली पडणाऱ्या डब्यांच्या काळात रुळाखालचे क्रॉस गर्डर (आडव्या तुळया) आणि स्ट्रिंजर (रुळाच्या दिशेच्या तुळया) सर्वाधिक खाल्ले गेले आहेत, तिथून सुरुवात करा.

उघडणाऱ्या स्पॅनची खास काळजी

नेहमीच्या गर्डर ठेकेदाराला इथला धोका आधी लक्षात येत नाही. स्पॅन आणि प्रतिभार (स्पॅन उचलायला मदत करणारं दुसऱ्या टोकाचं वजन) यांचा तोल नाजूक असतो. १,२०० चौरस मीटरवर साधारण १ मिमी जुना रंग साचला असेल आणि तो सगळा काढला, तर जवळपास दोन टन वजन उतरतं; नवा २५० मायक्रॉनचा थर जेमतेम ४०० किलो घालतो. स्पॅन हलका झाला, प्रतिभार जड ठरला, की बंद केलेला स्पॅन बेअरिंगवर घट्ट बसत नाही आणि गाडीखाली आपटतो. कामाआधी आणि नंतर उघडताना व बंद करताना मोटरचा करंट नोंदवा, फरक आला तर प्रतिभारातले छोटे ठोकळे कमीजास्त करा.

गिअरचे दात, ट्रनियन (फिरण्याचा आस), वक्र ट्रेड (स्पॅन ज्यावर लोळतो तो भाग) आणि त्याखालची ट्रॅक प्लेट, वायर रोप यांच्यावर रंग लावायचा नाही. ब्लास्टिंगआधी ते प्लॅस्टिक आणि टेपने गुंडाळा. ग्रिटचा एक दाणा ग्रीसमध्ये गेला की तो दात घासतच राहतो. काम चालू असताना लॉक पिना घाला, मोटरचा पुरवठा बंद करून ब्रेकरला कुलूप लावा. ताडपत्र्या बांधलेला स्पॅन वाऱ्यात कधीच उचलू नका.

गाडीच्या लाईनवर ट्रॅफिक ब्लॉक (ठरावीक वेळ गाड्या बंद) लागतो आणि २५ केव्हीची तार जवळ असेल तर पॉवर ब्लॉकही (तारेतली वीज बंद). त्याशिवाय मचाणावर चढायचं नाही.

पृष्ठभाग आणि रंग

शक्य तिथे ग्रिट ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कठीण कण मारून सफाई) एसए २.५ पर्यंत, म्हणजे लोखंड जवळपास पांढरं दिसेपर्यंत, खरबरीतपणा ४० ते ७५ मायक्रॉन. साधी वाळू वापरू नका, तिची सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. ब्लास्टिंग झाल्यापासून चार तासांत प्रायमर गेला पाहिजे.

फटीतला गंज काढल्यावर पातळ इपॉक्सी पेनेट्रेटिंग सीलर भरा, मग वरच्या आणि बाजूच्या कडा कॉक करा (लवचीक लांबीने बुजवा). खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजूंनी बंद केलेल्या फटीत अडकलेला ओलावा गंज वाढवतो आणि प्लेट फुगवतो.

थरांचा क्रम: इपॉक्सी झिंक रिच प्रायमर ५० ते ७५ मायक्रॉन, इपॉक्सी एमआयओ (अभ्रकासारखे लोह ऑक्साइडचे कण असलेला रंग) १०० ते १२५, शेवटी पॉलियुरेथेन ५० ते ७५. प्रत्येक थराआधी कडा, रिव्हेट आणि बोल्ट यांना ब्रशने वेगळा पट्टा द्या. स्प्रे तिथून निसटतो. हिशोब असा: ८०० चौरस मीटर, १०० मायक्रॉन, ८० टक्के घन भाग असलेला रंग म्हणजे कागदावर १०० लिटर. रिव्हेट-अँगलांवर आणि वाऱ्यात ३० टक्के वाया जातो, म्हणून १४५ मागवा. हार्डनर मिसळलेला डबा वेळेत संपवायचा. जाड झाला म्हणून थिनर ओतला की थर सच्छिद्र होतो.

लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) किमान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी हवा १४ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १०.५. म्हणजे लोखंड १३.५ पर्यंत येईतो थांबा. नदीकाठी सकाळी दहाआधी बहुधा जमत नाही. मे महिन्यात उलटं: उन्हात तापलेल्या प्लेटवर रंग चिकटण्याआधीच सुकतो आणि फोड येतात. फेब्रुवारी-मार्च सर्वांत सोयीचे, आणि जूनच्या पहिल्या सरीआधी शेवटचा थर पूर्ण वाळलेला हवा.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, प्रत्येक सांध्याखाली आणि रिव्हेटच्या रांगांवर तांबूस ओघळ शोधा. दिसला तर भोवतालचा ५० मिमी रंग घासून उतरता करा, पुन्हा प्रायमरपासून लावा आणि तो सांधा नकाशावर खूण करून ठेवा.