फिट येणाऱ्या माणसाने व्यायाम कसा सुरू करायचा

माझ्या धाकट्या भावाला नववीत पहिली फिट आली आणि तेव्हापासून पीटीच्या तासाला त्याला झाडाखाली बसवून ठेवायचे, का तर धावला की परत आकडी येईल. घरीपण तेच. पोरगा नुसता बसून राहिला, त्यात व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीने वजन वाढलं, मित्र तुटले, आणि हे सगळं उगाच झालं याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण बहुतेकांना व्यायाम करताना फिट येण्याचं प्रमाण कमीच असतं, बऱ्याच जणांचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) तर व्यायाम चालू असताना उलट शांत होतो. शिवाय झोप लागते, मन हलकं होतं, आणि फेनिटॉइनसारख्या जुन्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात त्यांनापण आधार मिळतो. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटर जाँटी ऱ्होड्सला एपिलेप्सी, म्हणजे फिटचाच आजार आहे, १९९२ च्या वर्ल्डकपमध्ये झेप घेऊन पाकिस्तानच्या इंझमामला रनआउट करणारा तोच. थोड्या लोकांना मात्र व्यायामानेच फिट येते, म्हणून आधी न्यूरोलॉजिस्टला विचारा, आणि व्यायाम सुरू केला म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

सुरुवात चालण्याने करा, वीस मिनिटं, सोबत कोणीतरी. पहाटे पाचला उठायच्या नादात झोप मोडू नका, अपुरी झोप हे फिट यायचं मोठं कारण आहे. काही जणांना सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके येतात, चहाचा कप उडतो, तसं असेल तर संध्याकाळचीच वेळ धरा. उपाशीपोटी नको, उपवासाच्या दिवशी दम लागेल असं काही नको, पाणी जवळ ठेवा. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड या फिटच्या गोळ्या चालू असतील तर घाम कमी येतो आणि अंग तापतं, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात अजिबात नाही.

जिममध्ये ट्रेनरला स्पष्ट सांगा, लाजू नका. ट्रेडमिलची क्लिप टीशर्टला लावा (कोणी लावत नाही, तुम्ही लावा), आणि एकट्याने छातीवर बारबेल घेऊ नका.

पोहण्याच्या बाबतीत मी कडक आहे. विहीर, नदी, तलाव नाहीच. स्विमिंग पूलमध्ये पण लाइफगार्डला आधी सांगून, आणि ओढून बाहेर काढू शकेल असा माणूस पाण्यात सोबत असेल तरच, कारण पाण्यात फिट आली तर आवाजही होत नाही. सायकल घरातली स्टँडवाली बरी, रस्त्यावरची डॉक्टर हो म्हणाले की मग, हेल्मेट घालून. कड्यावर चढणं, स्कूबा (पाठीवर टाकी लावून खोल पाण्यात जाणं) वगैरे सोडून द्या.

सोबत्याला हे शिकवून ठेवा: फिट आली की घड्याळ बघायचं, आजूबाजूचं टणक सामान सरकवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लगेच दुसरी आली तर १०८ ला फोन, डॉक्टरांनी नाकातला स्प्रे दिला असेल तर त्यांनी सांगितलंय तसा मारायचा. थांबली की लगेच पाणी पाजू नका, स्वतःचं नाव नीट सांगेपर्यंत शेजारी बसून राहा, आणि त्या दिवशीचा व्यायाम तिथेच बंद.