पेरू-लिंबावरचा रस शोषणारा पतंग: ठाणे परिसरासाठी सल्ला

गणपती गेले, पावसाने उघडीप दिली की येऊर, मुरबाड, शहापूरच्या रानालगतच्या बागांत चांगली पोसलेली पेरू-लिंबं गळायला लागतात. फळ हातात घेऊन पाहा. सालीवर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र, भोवती मऊ तपकिरी डाग आणि दाबताच बाहेर येणारा रस, ही पतंगाची खूण. फळ कापल्यावर आत अळ्या सापडल्या तर ती फळमाशी. आधी ही खात्री करा. फळमाशीच्या गंधसापळ्यात हा पतंग येत नाही.

युडोसिमा प्रजातीतला हा पतंग पंख पसरल्यावर 8 ते 10 सेंमी भरतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, म्हणून दिवसा दिसतच नाही. मागचे पंख नारिंगी, त्यांवर काळा ठिपका किंवा स्वल्पविरामासारखा पट्टा आणि काळी किनार. याच दिवसांत दिसणारा भलामोठा ॲटलास पतंग मात्र मारू नका. प्रौढ झाल्यावर तो काहीच खात नाही.

रस शोषणाऱ्या पतंगाची अळी बागेत शोधून सापडणार नाही. ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते: मखमली गडद रंगाची, बाजूला डोळ्यांसारखे ठिपके. पावसात वेली फोफावतात, अळ्या पोसतात आणि पतंग अंधार पडला की फळांकडे येतात. टोकदार, काटेरी सोंड साल भेदून थेट गरातला रस ओढते. त्यामुळे सालीवर फवारलेलं औषध त्याच्या पोटात फारसं जात नाही, उलट तोडणीला आलेल्या फळावर विष राहतं. खरं नुकसान पुढे होतं: छिद्रातून बुरशी शिरते आणि फळ दोन-तीन दिवसांत सडून गळतं.

बांधावरच्या, कुंपणावरच्या वेली काढा. जंगलातली गुळवेल तोडू नका. पतंग लांबून उडत येतो, ती तोडून काही साधत नाही. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरा, कारण आंबलेला वास आणखी पतंग ओढतो. पेरू रंग बदलू लागताच तोडा. थोडीच झाडं असतील तर पिशव्या बांधा, पण सैल. फळाला चिकटलेल्या पातळ कापडातून सोंड आरपार जाते. संध्याकाळी वाऱ्याच्या बाजूला ओल्या-सुक्या पाल्याचा धूर करा. रात्री 8 ते 11 दरम्यान बॅटरी घेऊन फिरलात तर फळावर बसलेले पतंग जाळीने धरता येतात.

प्रादुर्भाव जास्त असेल तर विषारी आमिष ठेवा: 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, 20 मिली मॅलॅथिऑन (50 ईसी) हे कीटकनाशक आणि थोडा फळांचा रस किंवा व्हिनेगर. रुंद तोंडाच्या भांड्यात भरून दर 10 झाडांमागे एक टांगा. गुळावर मधमाश्या येतात, म्हणून भांडी अंधार पडल्यावर लावा आणि उजाडायच्या आत झाकून ठेवा. घोडबंदर किंवा बेलापूरला सोसायटीच्या गच्चीवर कुंडीतलं लिंबू असेल तर हे आमिष अजिबात नको. तिथे सैल पिशवी पुरते.