ट्रान्सजेंडर मुलांच्या उपचारांवरील राजकीय वादाची बातमी कशी वाचावी

बातमी हाती आली की तिच्यातील ‘उपचार’ म्हणजे नेमके काय, हे आधी शोधावे. समुपदेशन, वयात येण्याची प्रक्रिया काही काळ थांबवणारी औषधे, इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके आणि शस्त्रक्रिया यांचे परिणाम वेगवेगळे असतात. राजकीय भाषणांत मात्र हे सगळे सर्रास एकाच पोत्यात भरले जाते. वयाचीही खात्री करावी. डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या आदेशात ‘मूल’ या व्याख्येत १९ वर्षांखालील सर्व जण येतात, म्हणजे मतदानाचा हक्क असलेला अठरा वर्षांचा तरुणही त्यात मोडतो.

मग निर्णय कोणाचा, हे पाहावे. सर्वाधिक गफलत इथेच होते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने २०२१ मध्ये मुलांच्या अशा वैद्यकीय उपचारांवर कायद्याने बंदी घातली, तीही राज्यपालांचा नकाराधिकार विधिमंडळात मतदानाने उलटवून. स्वीडनमध्ये २०२२ साली आरोग्य यंत्रणेनेच संप्रेरके अपवादात्मक प्रसंगी द्यावीत, असा सल्ला दिला. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने कमालीच्या सावधगिरीचा आग्रह धरला, पण सरसकट बंदी सुचवली नाही. वयात येणे थांबवणाऱ्या औषधांवरील बेमुदत निर्बंध त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने जाहीर केले. त्यामुळे ‘युरोपनेही बंदी घातली’ असे वाक्य दिसले, तर कोणत्या देशात, कोणी आणि कशावर, हे तपासल्याशिवाय ते मान्य करू नये.

न्यायालयीन निकालाची बातमी वाचताना न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, याकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या कायद्यानुसार अकाली वयात येणाऱ्या मुलाला जे औषध देता येते, तेच ट्रान्सजेंडर मुलाला लिंगबदलाच्या उद्देशाने देता येत नाही. हा लिंगाधारित भेदभाव आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते; हा भेद वय आणि औषधाचा वापर यांवर आधारलेला आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले. उपचार योग्य की अयोग्य, याचा निवाडा त्यात नाही. तो प्रश्न न्यायालयाने लोकप्रतिनिधींवर सोडला.

पुराव्याबाबत दोन्ही बाजू सोयीपुरते बोलतात. ‘कमी दर्जाचा पुरावा’ याचा अर्थ निष्कर्षाची खात्री कमी, एवढाच आहे; त्यातून अपाय सिद्ध होत नाही, तसा फायदाही पक्का होत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये उपचारांना असलेला पाठिंबा कायम ठेवला आणि त्याच वेळी पुराव्याचा पद्धतशीर आढावाही मागवला. प्रचारात यातला सोयीचा अर्धाच भाग सांगितला जातो.

शेवटी कायद्यातील बारीक कलमे वाचावीत, विशेषतः ज्यांचे उपचार आधीच सुरू आहेत त्यांच्यासाठीची तरतूद. टेनेसीचा कायदा जुलै २०२३ मध्ये लागू झाला, तरी अशा मुलांना ३१ मार्च २०२४ पर्यंत मुदत होती. ठळक मथळ्यांत ही तारीख क्वचितच सापडते.