मेंटॉर मिळाला तरी धंदा अडकतोय? या चुका टाळा

नव्याने धंद्यात उतरलेले किंवा नुकतेच डायरेक्टर झालेले लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, चांगला मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, कुठे मिळेल. मिळतो हो. पण मिळाल्यावर जो गोंधळ घालतात तो बघून खरंच जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेंटॉरला फक्त चांगलं चांगलं सांगणे. ही मी स्वतः केलीये. सहा महिने दर भेटीत विक्रीचा वाढता आकडा घेऊन जायचे, ते कौतुक करायचे, मी खूश. पण निम्म्याहून जास्त माल एकाच कस्टमरला जात होता आणि त्याचं पेमेंट 90 दिवस उलटले तरी येत नव्हतं, हे मी सांगितलंच नाही, वाटायचं त्यांच्या नजरेतून आपण उतरू. शेवटी पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली तेव्हा उधारीची यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "ही विक्री वाढतेय ती कोणाच्या पैशाने?" माझ्याच! कच्चा माल रोखीने घ्यायचा आणि तयार माल उधारीवर द्यायचा, म्हणजे विक्री जितकी जास्त तितकं खातं रिकामं. मग जुनं पेमेंट येईल तसाच नवीन माल सोडायचा असं ठरलं, तरी सावरायला वर्ष गेलं.

तेव्हापासून भेटीच्या दोन दिवस आधी मी त्यांना एक पान पाठवते. बँकेत किती शिल्लक, 30, 60 आणि 90 दिवसांची उधारी किती, मागच्या वेळी ठरलेल्यातलं काय केलं नाही, आणि कुठला निर्णय अडलाय. विक्रीचा आकडा सगळ्यात खाली.

दुसरी चूक, निर्णयच मेंटॉरवर ढकलणे. "सर म्हणाले म्हणून केलं" हे डायरेक्टरच्या तोंडी शोभत नाही, कारण सही तुमची असते आणि जबाबदारीही. ब्रिटनसारख्या देशात तर बोर्ड ज्याच्या सांगण्यावरून नेहमी चालतं त्या बाहेरच्या माणसालाही कायदा शॅडो डायरेक्टर, म्हणजे पडद्यामागचा डायरेक्टर, धरू शकतो, म्हणजे सल्ला देणारा बिचारा पण अडकतो.

गुंतवणूकदारालाच मेंटॉर करू नका, ज्याचे पैसे अडकलेत त्याच्यासमोर मन मोकळं होत नाही. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर जाहीर न झालेले आर्थिक निकाल मेंटॉरलाही सांगायचे नाहीत. आणि मेंटॉर म्हणजे फुकटचा कन्सल्टंट नव्हे, त्यांच्याकडून प्रेझेंटेशन बनवून घेणारे लोक बघितलेत मी.

"मला काय गरज" म्हणणाऱ्यांसाठी, एरिक श्मिट 2001 मध्ये गूगलचे सीईओ झाले, मुरलेला माणूस, बोर्डावरच्या जॉन डोअर यांनी कोच घ्या म्हटल्यावर त्यांनाही आधी ते रुचलं नव्हतं. मग बिल कॅम्पबेल या कोचबरोबर काम केलं, आणि 2009 मध्ये त्यांनीच सांगितलं की मिळालेला सर्वोत्तम सल्ला तोच होता.

दोन भेटींत फरक नाही म्हणून तिसऱ्या भेटीला नवीन मेंटॉर शोधणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. समोरच्याला तुमचा धंदा कळायलाच तीन-चार भेटी जातात. महिन्यातून एक तास, किमान वर्षभर, तारीख आधीच ठरवलेली. आणि पहिल्या भेटीला कंपनीचं ब्रोशर नाही, बँक स्टेटमेंट घेऊन जा.